पदक घेताना आईनं ऐकलं ते

माझा धाकटा भाऊ काश्मीरमध्ये अतिरेक्यांशी झालेल्या चकमकीत गेला. त्याची पेटी ओझरच्या विमानतळावर उतरली, तिथून लष्कराच्या फुलं लावलेल्या गाडीतून घरी आली. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे हायवे सोडला की आमचं गाव. फाट्यापासून दारापर्यंत माणसं उभी होती. पेटीला चेहऱ्यापुरती काच होती. आईनं काचेवर हात ठेवला आणि सोबत आलेल्या अधिकाऱ्याला एकच विचारलं, "लय तरास झाला का त्याला?"

अधिकारी मराठी होते, वयानं माझ्याएवढे. म्हणाले, "नाही आई. गोळी लागली आणि लगेच गेला. त्याला कळलंसुद्धा नसेल."

पुढे कितीतरी महिने आई या वाक्यावर जगली. भाऊ लहानपणी दुखणं सहन न होणारा. पायातला काटा काढायचा तर आळी गोळा करायचा. भरतीसाठी पहाटे हायवेच्या कडेनं पळायला लागला, तेव्हा आई त्याला म्हणाली होती, "सुई टोचली तर रडतोस, तिथं काय करशील?" त्यामुळे दुखवट्याला जो येईल त्याला ती सांगायची, "माझ्या लेकराला कळलं बी नाय." असं म्हटल्यावर तिला घोटभर चहा जायचा. वहिनी, म्हणजे त्याची बायको, शेजारी बसलेली असायची. तिचं माहेर घोटीकडचं, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. ती खाली बघत राहायची.

मग त्याला शौर्यपदक जाहीर झालं, मरणोत्तर. आई, वहिनी आणि मी दिल्लीला गेलो. आदल्या दिवशी तालीम झाली: कुठं उभं राहायचं, कधी हात जोडायचे, कुठून परत फिरायचं. आईनं ते शाळकरी मुलीसारखं पाठ केलं. समारंभात ती आणि वहिनी पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि मानपत्राचं वाचन सुरू झालं. हिंदी आईला कळते. द्राक्षांच्या हंगामात परप्रांतीय व्यापाऱ्यांशी बोलण्यात तिची उमर गेली आहे. मानपत्रात होतं, जखमी साथीदाराला त्यानं ओढत खडकामागे आणलं. त्यात त्याच्या पोटात गोळ्या लागल्या. गंभीर जखमी असूनही तो मागे हटला नाही, शेवटपर्यंत गोळीबार करत राहिला. मी मागच्या रांगेतून आईची पाठ बघत होते. पदक हातात आलं, तिनं हात जोडले आणि शिकवल्याप्रमाणे परत फिरली. काही चुकली नाही.

बाहेर चहाच्या टेबलापाशी तिनं मला विचारलं, "म्हंजी तो लगेच गेला नव्हता?"

वहिनी म्हणाली, "नव्हते गेले, आई. ज्याला वाचवलं त्याचा मला फोन आला होता, तेव्हाच."

"मंग मला का नाय सांगितलं?"

"तुम्हाला तेवढाच आधार होता."

आईनं कप खाली ठेवला. परतीच्या प्रवासात ती वहिनीशी बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "त्या पोराला बोलव. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय."

तो आला तो हिवाळ्यात, द्राक्षाचे मणी फुगत होते तेव्हा. हिमाचलचा होता, भावाहून लहानच. एक पाय गुडघ्याखाली कृत्रिम. ओसरीवर खुर्ची दिली तरी आधी तो वाकून आईच्या पाया पडायला गेला आणि तोल जाऊन भिंतीला टेकला. आईनं त्याला पोटभर जेवू घातलं. ताट उचललं आणि मगच समोर बसली. तिच्या मोडक्या हिंदीत विचारलं, "कितना टाइम था वो?"

त्यानं वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "सांगा."

तो हिंदीत, सावकाश सांगत गेला. दुपारी लागलं. वरून गोळ्या चालूच होत्या, धुकं होतं, कुणी पोहोचू शकत नव्हतं. दोघं एका खडकामागे. भाऊ थोडा वेळ गोळ्या झाडायचा, थोडा वेळ पडून राहायचा. तो गेला तेव्हा उन्हं उतरली होती.

"बोलला का काही?"

"पाणी मागत होता, माँजी. माझ्याकडे होतं. पण पोटात लागलेल्याला पाणी द्यायचं नाही असं आम्हाला शिकवलेलं. मी नाही दिलं. कपडा भिजवून ओठांना लावत राहिलो."

आई म्हणाली, "डॉक्टर येईल, वाचंल, म्हनून नाय दिलं ना तू. बरं केलं." मी हे हिंदीत सांगायला लागले, पण त्याला आधीच समजलं होतं.

"मला हाक मारली का त्यानं?"

तो खोटं बोलू शकला असता. म्हणाला, "नाही. रागात होता. शिव्या देत होता, मराठीत." आणि त्यातली एक त्यानं जशीच्या तशी म्हणून दाखवली, अर्थ विचारला. आमच्या गावात बैलाला, पोराला, कुणालाही घालतात ती शिवी. कुणी त्याला अर्थ सांगितला नाही. आई पदर तोंडाला लावून आत गेली. तिच्या मागोमाग वहिनी गेली. कितीतरी वेळानं दोघी बाहेर आल्या, तेव्हा वहिनीचा हात आईच्या हातात होता.

पुढच्या स्वातंत्र्यदिनी गावच्या शाळेत आईचा सत्कार झाला. नाशिकहून आलेले वक्ते बोलता बोलता म्हणाले, की या वीरानं हसत हसत मरणाला मिठी मारली. आई खुर्चीतून उठली. सत्काराला उत्तर देणार असं वाटून कुणीतरी तिच्या हातात माईक दिला.

ती म्हणाली, "तो हसत नव्हता. दुपारपासून उन्हं उतरेपर्यंत तडफडला. पानी मागितलं, ते बी देता आलं नाय. त्याला लय दुखत व्हतं तरी तो तिथून हलला नाय. हे पोरांना खरं सांगा."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. थोड्या वेळानं सूत्रसंचालक गुरुजींनी मुलींच्या लेझीमची घोषणा केली.

वहिनी आता नाशिकला नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की माहेरी जायच्या आधी आईकडे जाते. कार्यक्रमांची बोलावणी अजून येतात. आईला पहिल्या रांगेत बसवतात, शाल देतात, माईक मात्र देत नाहीत. गावातल्या एक-दोघांनी मला नाशिकला, माझ्या गंगापूर रोडच्या घरी फोन करून सांगितलं, की आईला जरा समजवा, अशानं पोरं सैन्यात जायला घाबरतील. मी ऐकून घेतलं. आईला काही सांगितलेलं नाही.