वसिष्ठाशेजारची अरुंधती

धरणगावच्या शाळेत असतानाच मला चष्मा लागला होता. पण बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर काकूने तो माझ्या डोळ्यांवरून काढला आणि लग्नानंतर ट्रंकेत लुगड्यांच्या खाली घालून दिला. "विचारल्याशिवाय सांगू नको," म्हणाली. कोणी विचारलं नाही. लग्नात भटजींनी भर दुपारी आभाळाकडे बोट करून अरुंधती दाखवली, मी मान हलवली.

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी मी चोपड्याजवळच्या त्या घरात सून म्हणून गेले. उन्हाळ्यात दिवेलागणीनंतर सगळे अंगणात बसत. सप्तर्षी वर आले की सासरे मला विचारत, "सूनबाई, वसिष्ठजवळ अरुंधती शे का वं?"

जावेला नाही, दिरांना नाही, फक्त मलाच. मी पदर सावरून त्यांच्याच अहिराणीत 'आहे' म्हणे, "शे, आबा." आणि मनात धास्तावे. यांना कोणी सांगितलं? जाऊबाईंचं माहेरही धरणगावकडचं. मला लांबची माणसं चालीवरून ओळखावी लागत, केळीच्या बागेतून कोण येतंय ते कळत नसे. जाऊबाई मुद्दाम विचारत, "कोण येऊन राह्यनं वं?" सासूबाई ऐकत असत. मी दोघींकडे संशयाने बघू लागले, त्या माझ्याकडे.

एका संध्याकाळी आबांनी तेच विचारलं. मी म्हटलं, "शे."

जाऊबाई हसल्या. "आज तं बठ्ठं आभाळ भरेल शे!"

सासूबाईंचे हात थांबले. पण आबांनी चटकन मान वर केली आणि इकडेतिकडे फिरवली, जणू ढग त्यांनाही आत्ताच कळले. मग ते उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यावर पाळत ठेवली. त्यांनी तांब्या चाचपून घेतला, पाणी पेल्याबाहेर ओतलं. सासूबाई विहिरीवर गेल्या तशी मी ओट्यावर जाऊन विचारलं, "आबा, तुम्हाला दिसत नाही का?"

त्यांनी आधी विहिरीकडे कान दिला. "होळीपासून अरुंधती दिखत नही. ती दिसेनाशी झाली की सहा महिन्यांत माणूस जातो म्हणतात. तुनी नजर तरनी, म्हणून तुले इचारे. ती तठे शे का, तेवढंच."

"मला तर लग्नातही दिसली नव्हती," मी म्हटलं, "आणि तेव्हाही मी हो म्हटलं." मग ट्रंकेतला चष्मा आणून त्यांच्या हातात दिला. काचांवरून बोट फिरवत ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असावेत.

विहिरीवरून परतलेल्या सासूबाईंनी चष्मा पाहिला, पण त्या हसल्या नाहीत. "आणखी काय लपाडेल शे?" त्यांनी विचारलं आणि माझी ट्रंक रिकामी केली. चष्मा मात्र घालू दिला, कारण आबांनी तसं सांगितलं. त्या संध्याकाळी मी चष्म्यातून पाहिलं. वसिष्ठाला लागून एक बारीकसा ठिपका होता, एवढंच.

दसरा झाल्यावर जळगावला आबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पुढे ते बारा वर्षं जगले.

धाकट्या दिरासाठी मुलगी बघायला आम्ही नरडाण्याला गेलो, तेव्हा सासूबाईंनी तिच्या हातात सुई-दोरा दिला. तिने झटकन ओवला. त्या समाधानाने माझ्याकडे बघत राहिल्या. जवळचं तर मलाही नीट दिसतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.