ट्रेलरच्या दांड्यावरचे गृहस्थ

त्या गृहस्थांचं नाव मी विचारलं नाही. वलगावच्या थांब्यावर मी अचलपूरच्या एसटीची वाट पाहत होतो. समोर निंबाखाली दोन चाकांचा ट्रेलर उभा होता. लिलावातल्या त्या लष्करी ट्रेलरवर फळ्या ठोकून खोली केली होती. जीपला जोडायच्या पुढच्या दांड्यावर कोट-टोपी घालून हे गृहस्थ पूजेला बसल्यासारखे ताठ बसले होते.

"जीप दोस्ताची," ते म्हणाले. "इथं सोडून गेला, संध्याकाळी येईल न्यायले. तवरक आमचा मुक्काम."

"चला, चहा घेऊ," मी म्हणालो.

"उठता येत नाही. मी उठलो का खोली मागं कलते. बायकोनं पाटा-वरवंटा आनला, तो मागच्या बाजूले आहे."

"मग पुढे सरकवू की!"

त्यांनी आवाज खाली आणला. "नको. वीस वर्षांत पहिल्यांदा तिले हिंडाले आनलं. पाट्यानं असं होते हे समजलं, तर घरी चाला म्हनेल."

आत चटणी वाटणं चाललं होतं. दांडा हलला की ते टोपी धरायचे.

"अवो," आतून बाईंनी विचारलं, "सकाळपासून बाहेरच काहून बसले?"

"हवा मस्त आहे इथं," ते म्हणाले.

निंबाचं पानही हलत नव्हतं.