सत्कार झाले, वाजवायचं राहिलं

मित्रांनो, आज संध्याकाळचं मनातून जाईना, म्हणून लगेच मंडळाच्या फळ्यावर लिहितोय.

आपल्या ऑर्केस्ट्राच्या मदतीसाठी जळगावात कार्यक्रम होता. क्लॅरिनेट वाजवणाऱ्या नानांचे समोरचे दात परवा काढणार आहेत. त्यानंतर फुंकता येणार नाही. म्हणून आज ते शेवटचं वाजवणार होते आणि त्यांना स्टेजवर पहिल्यांदाच ऐकायला त्यांच्या पत्नी, अक्का, पाचोऱ्याहून आल्या होत्या.

आधी देणगीदारांचे सत्कार सुरू झाले. कोणी नाराज व्हायला नको, म्हणून नावं वाढतच गेली. प्रत्येक शाल-नारळाला मीही टाळ्या वाजवल्या. शेवटी हॉलची वेळ संपली. घाईघाईत नानांचाही सत्कार उरकला. नारळ घ्यायला त्यांनी हातातलं क्लॅरिनेट खुर्चीवर ठेवलं.

बाहेर अक्कांनी नानांना आता कधी वाजवणार म्हणून विचारलं, "आते तुम्ही कव्हय वाजाडशात?"

नाना हसले. "वाजाडी टाकं ना! तुले डुलकी लागी गयती."

म्हणे वाजवून झालं, अक्कांनाच डुलकी लागली होती! नारळ पिशवीत टाकून त्या स्टेशनकडे चालू लागल्या.

"आधी नानांना वाजवू द्या," एवढं उठून म्हणायला मला काय अडलं होतं? आणि तुम्हीही तिथे होतात, तुम्हाला काय अडलं?