विंचची बॅटरी आणि मिस्त्रींचा लेथ

१९५७ सालचा दसरा, सकाळचे आठ. जागा अंधेरी, आमच्या घरामागची शेड. हजर: हे, म्हणजे माझे यजमान, धाकटे भावोजी, लेथचे मालक मिस्त्री, दोन हमाल, आणि वही घेऊन मी.

आमचा धंदा यंत्रं हलवण्याचा. एक जुनी लॉरी, तिच्यामागे मिलिटरीच्या लिलावातून आणलेला ट्रेलर, आणि ट्रेलरच्या पुढच्या टोकाला विजेवर चालणारा विंच. कळ दाबली की तारेचा दोर रिळावर गुंडाळला जातो आणि जड यंत्र फळ्यांवरून हळूहळू वर चढतं. विंचला वीज पुरवते बारा व्होल्टची एक बॅटरी. यंत्रं ओढायचं काम त्या दोघा भावांचं. बॅटरीचं काम माझं, कारण ती चार्जिंगला कधी टाकली होती हे दोघांपैकी एकालाही कधी सांगता येत नसे.

सुरुवातीला आमची समजूत अशी की लॉरी चालली म्हणजे तिचा डायनामो बॅटरी भरतोच. भरतो, पण वाटी वाटीने. विंच उपसतो बादलीने. अंधेरी ते विक्रोळी एवढ्याशा धावेत ती काय भरणार? दोनदा फजिती झाल्यावर मी नियम केले. मोठ्या कामाआधी बॅटरी पूर्ण एक दिवस स्टेशनजवळच्या चार्जिंगवाल्याकडे. परत आली की सहाही घरांतलं ॲसिड काचेच्या नळीत ओढून आतला तरंगता काटा किती वर येतो ते बघायचं. पाणी घालायचं ते डिस्टिल्डच. आणि विंच सलग चालवायचा नाही: मी दहा मोजेपर्यंत कळ दाबायची, मग साठ मोजेपर्यंत विश्रांती. भावोजी याला ‘वहिनींची शाळा’ म्हणत.

मिस्त्री मूळचे मालवणकडचे. गिरणीच्या मेकॅनिक खात्यातली कायमची नोकरी सोडून त्यांनी हा जुना लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, घेतला होता आणि आमच्या शेडमध्ये ठेवून स्वतःच्या हाताने दुरुस्त केला होता. विक्रोळीला गाळा मिळाला होता. दसऱ्याला पहिलं काम त्यावर चढवायचं ठरलं होतं, आणि घरची मंडळी पूजेची तयारी करून तिकडे वाट बघत होती.

लेथ चढवायला घेतला. दहा-दहा आकड्यांचे पहिले दोन हप्ते ठीक गेले. तिसऱ्या वेळी मी चार म्हणेपर्यंत विंच घरघरला आणि थांबला. लेथ अर्धा फळ्यांवर, अर्धा जमिनीवर, दोर ताणलेला. विंचचे दाते उलटे फिरत नाहीत हे आम्हाला माहीत होतं, तरी हमालांनी लगेच खालून लाकडी ठोकळे सरकवले. लेथ घसरून आपटला असता तर त्याच्या बीडाच्या बैठकीला तडा गेला असता, आणि तडा गेलेल्या लेथवर सरळ काम होत नाही.

मिस्त्री दोन्ही हात लेथला लावून उभे राहिले, जणू एवढं वजन ते एकटे पेलणार होते.

“वैनीनू, आता काय करूचा?” ते म्हणाले. “ह्याका काय झाला, तर माका गिरणीत पण परत घेवचे नाय.”

“बॅटरी उतरली,” भावोजी म्हणाले. “त्या चार्जिंगवाल्याने फसवलं. नुसती दुकानात ठेवून घेतली असणार.”

“परवा आली तेव्हा मी स्वतः तपासली आहे. सहाही घरं भरलेली.”

“मग ट्रेलरचा दिवा त्याच बॅटरीवर आहे, तो लावून बघा ना!”

दिवा लावला. लख्ख. विंचची कळ दाबली, तर दिवा एकदम विझल्यासारखा झाला. भावोजींनी हात झटकले, “बघा! झालं की नाही?” मी काचेची नळी आणली आणि पुन्हा सहा घरं तपासली. काटा तसाच वर. बॅटरी भरलेली, तरी विंच उपाशी. म्हणजे वीज वाटेतच कुठेतरी अडत होती.

यांनी केबलवरून हात फिरवत नेला आणि बॅटरीच्या टोकाशी पोचताच मागे घेतला.

“अगं, चिमटा तापलाय केवढा!”

चिमटा सोडवला. आत शिशाच्या बोंडाभोवती काळपट लाल चिकटा.

“हे काय आहे?” यांनी विचारलं.

मला लगेच समजलं. आदल्या दिवशी खंडेनवमीला बॅटरीही हत्यारांसोबत पाटावर मांडली होती. मीच तेलात कालवलेलं कुंकू तिच्या दोन्ही बोंडांना लावलं होतं. आणि सकाळी भावोजी चिमटे बसवताना ते पुसायला निघाले, तेव्हा “राहू द्या हो, आज दसरा आहे,” असं म्हणणारीही मीच.

“वहिनी,” भावोजी अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “कुंकू लावायचंच होतं तर बॅटरीच्या पेटीला लावायचं. बिचारीच्या तोंडातच कोंबलंत!”

हमालही हसले. मी स्वयंपाकघरातून गरम पाणी आणि खाण्याचा सोडा आणला. घरांची झाकणं घट्ट आहेत याची खात्री केली, कारण सोडा आत गेला तर ॲसिड वाया. बोंडं धुतली, पुसली, पॉलिशपेपरने शिसं चकचकीत होईपर्यंत घासली. चिमटे आवळले आणि वरून व्हॅसलीन लावलं.

“एक,” मी म्हटलं. विंच गुरगुरला आणि दोर सरकला. मी एकही आकडा न चुकवता दहापर्यंत मोजलं. आणखी पाच हप्त्यांत लेथ ट्रेलरवर सपाट बसला. मिस्त्रींनी आधी लेथच्या बैठकीवरून तळहात फिरवला, मग फळीवर बसून पाणी मागितलं. तांब्याभर पाणी एका दमात प्यायले. मलाही तेव्हाच कळलं की आपण मघापासून उभ्याच आहोत.

विक्रोळीला साडेअकराला पोचलो. उतरवताना विंच एकदाही अडला नाही, आणि दोनच्या आत लेथवर मुहूर्तापुरता पहिला तुकडा फिरत होता. चार्जिंगवाल्यावर घेतलेला आळ भावोजींनी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन त्याला सांगितला आणि माफी मागून मिटवला.

त्या दुपारी मी वहीत दोन ओळी लिहिल्या. पहिली: पूजेचं कुंकू पेटीलाच. ती पाळली जाते. दुसरी: विंच हाताने फिरवायला लोखंडी दांडा करून घेणे, म्हणजे बॅटरी थांबली तरी यंत्र अधांतरी राहणार नाही. मिस्त्री लगेच म्हणाले होते, “पयला काम तुमचाच!” पण तोवर गिऱ्हाईक दारात उभं होतं, आणि तेव्हापासून त्यांच्या गाळ्यात कामाची रांग आहे. परवा आठवण केली, तर चालू लेथवरून मान वर न करता म्हणाले, “ह्या आठवड्यात देतंय, वैनीनू.” दांडा अजून व्हायचा आहे.