मुकादमिणीची उरलेली ड्यूटी

मुकादमीण गेली ती कामावर असताना.

सकाळी बॉयलरमामांनी खुराड्याचं दार उघडलं तेव्हा ती अंड्यांवर बसलेलीच होती. फक्त मान एका बाजूला कलली होती, पेंगणाऱ्या माणसाची कलते तशी. मामांनी हाक मारली, मग बोटानं ढोसलं. मान सरळ झाली नाही. त्यांनी तिच्या पोटाखाली हात घातला. कोंबडीचं अंग थंड पडत चाललं होतं. अंडी अजून गरम होती.

रडायचं तिथंच राहून गेलं.

"अगं ए, लवकर ये!"

बायको ओले हात झटकत बाहेर आली. मामांनी कोंबडी तिच्या हातात दिली.

"ही धर."

"अहो, पण ही तर..."

"कळलंय मला. धर म्हणतो ना! अंडी गार होतील."

अकरा अंडी त्यांनी बनियनच्या झोळीत घेतली, पोटाशी धरली आणि एकेक पाऊल जपून टाकत घरात गेले. मागं वळून बघितलं नाही.

बॉयलरमामा हे नाव गल्लीनं दिलेलं. कापड रंगवायच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला. वाफ कमी पडली तर कापडाला रंग चढत नाही, जास्त झाली तर छप्पर जागेवर राहत नाही. म्हणून काट्यावरची नजर हलवायची नाही, आणि पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. एवढ्या दोन गोष्टींवर त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाले आणि नजर ठेवायला काही उरलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचे. बायको म्हणायची, "ते फुटणार नाही, निर्धास्त राहा."

मग ही कोंबडी आली. शेजारच्या शिवणवालीनं दिली, एका पायानं जरा लंगडी होती म्हणून. अंगणभर हिंडायची आणि बादली, झाडू, मामांची चप्पल, जे दिसेल त्यापुढं थांबून मान तिरकी करून बघायची. काम नीट झालंय की नाही, असं. त्यावरून मुकादमीण. मामा नळ दुरुस्त करायला बसले की ही शेजारी हजर. सहा वर्षं त्यांच्या हातून तिच्या देखरेखीशिवाय एक खिळासुद्धा ठोकला गेला नाही.

अलीकडे ती अंडी द्यायची थांबली होती. तरी यंदा खुडूक झाली, उबवायची ओढ लागली आणि रिकाम्या गवतावरच जाऊन बसली. शिवणवालीला दया आली. तिनं आपल्या कोंबड्यांची अकरा अंडी आणून हिच्याखाली सरकवली. तेव्हापासून मामांचं तोंड थांबेना. "अंडी परक्याची, पण बघा, जागची हलत नाही. आमच्या खात्यात असती तर हिला बढती मिळाली असती."

आज बारावा दिवस होता. पिल्लं एकविसाव्या दिवशी निघतात. म्हणजे नऊ दिवसांचं काम उरलं होतं, आणि पुढच्या पाळीला कुणी येणार नव्हतं.

दुपारपर्यंत मामांनी पेटी तयार केली. जुनी लाकडी पेटी, आत चाळीसचा बल्ब, तळाला गवत, कोपऱ्यात पाण्याची वाटी, वर काच, काचेखाली थर्मामीटर. काटा अडतिसाच्या जवळ आणायला दोन तास गेले. मग त्यांनी फटी बुजवल्या. एकेका फटीपुढं तळहात धरायचा, ऊब लागली की लोकरीची चिंधी कोंबायची, वरून चिकटपट्टी. गळती म्हणजे त्यांच्या लेखी अब्रूचा प्रश्न. शेवटी पेटीच्या चारी बाजूंनी हात फिरवला तर कुठंच काही लागलं नाही. तेव्हा ते भिंतीला टेकून बसले.

प्रत्येक अंड्यावर एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला होता. कोंबडी चोचीनं अंडी फिरवते हे त्यांनी पाहिलं होतं. सकाळी फुली वर, दुपारी गोल वर, झोपताना पुन्हा फुली.

दिवस एकमेकांत मिसळू लागले. दुपारी खोलीची खिडकी ओढलेली असे आणि पेटीतून पिवळा उजेड जमिनीवर सांडे. त्या उजेडाजवळ बसून मामांचे डोळे मिटत, पण पुरते मिटत नसत. कारखान्याचा घणघणाट लांबून, पाण्याखालून यावा तसा ऐकू येई. लोखंडी जिन्यावर पावलं वाजत, एक जड, एक हलकं, लंगडल्यासारखं. मुकादमीण जिना चढून वर येई, बॉयलरपुढं उभी राही, मान तिरकी करून एका डोळ्यानं काटा बघे आणि काही न बोलता पुढं जाई. काहीतरी चुकलंय हे मामांना कळे. काय ते ती सांगत नसे.

"अहो, जेवताय ना?"

"आणून ठेव इथंच."

"काल ठेवलेलं आहे तिथंच."

चौदाव्या दिवशी दोघांनी बॅटरीच्या उजेडात अंडी पाहिली. आत तांबडे दोरे पसरले होते, झाडाच्या मुळांसारखे, आणि मधे एक काळा गोळा हलत होता. बायको श्वास रोखून बघत राहिली. मामा म्हणाले, "दाब बरोबर आहे."

सतराव्या दिवशी पुन्हा पाहिली. तीन अंड्यांत काही हलत नव्हतं. उरलेल्यांत हलत होतं, पण सुस्त. मामांनी थर्मामीटर बघितला. काटा तसूभर हलला नव्हता. पाच दिवसांत हलला नव्हता.

"माझं काहीच चुकलेलं नाही," ते म्हणाले. आवाज मात्र चुकल्यासारखा होता.

बायकोनं काचेवरून बोट फिरवलं. आतल्या बाजूनं थेंब लोंबत होते. "हा सगळा घाम कसला?"

"ओल लागते त्यांना. आणि पेटी घट्ट आहे. एक फट सापडणार नाही."

"मग ती श्वास कुठून घेतात?"

मामांचा हात पेटीच्या चिकटपट्टीवर गेला.

"अंड्यातला जीव कवचातून वारा घेतो, एवढं मलाही माहीत आहे. तुम्ही त्याला बॉयलरमध्ये घातलंत. ती बया पिसं फुलवून बसायची, बाजूनं वारा खेळायचा. आणि रोज दुपारी उठायची सुद्धा."

"कोण उठायची?"

"मुकादमीण. दोनच्या सुमाराला. पाणी प्यायची, अंग झटकायची, मातीत लोळायची, आणि पाव तासानं परत."

"काहीतरीच. ती जागची हलत नव्हती."

"तुम्ही घोरत होतात तेव्हा."

मामा उठून गिरमिट घेऊन आले. पेटीच्या एका बाजूला खाली चार भोकं, दुसऱ्या बाजूला वर चार. एकतीस वर्षं गळत्या बंद करणारा अंगठा पहिल्या भोकावर आपसूक जाऊन बसला, तो त्यांना उचलावा लागला. काटा धडाधड खाली आला. त्यांनी साठचा बल्ब लावला. काटा वर गेला, खाली आला, वर गेला. एका जागी थांबायला तयार होईना. "हलू दे," बायको म्हणाली. "जिवंत वस्तू आहे."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता तिनं काच सरकवली आणि दाराकडे बोट केलं. "निघा. पाव तास."

"मी कशाला?"

"तिची वेळ आहे ती. तुम्ही इथं असलात तर हात आत घालणार."

सहा दिवसांनी मामा अंगणात आले. ऊन इतकं पांढरं होतं की क्षणभर काही दिसेना. मग एकेक वस्तू उजेडातून वर आली: बादली, झाडू, धुण्याचा दगड. कुणी तपासत नव्हतं. कुंपणाजवळ मातीत एक खळगा होता, परातीएवढा गोल, गुळगुळीत. त्यात दोन तपकिरी पिसं पडली होती. रोज दुपारी इथं ती लोळली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. आपण एवढी वाखाणली ती कोंबडी कुठली, आणि ही पाव तास अंग सैल सोडणारी कुठली?

"अगं," त्यांनी घराकडे बघून विचारलं, "कुठं पुरलंस तिला?"

बायको दारात आली. "भिंतीकडे. चपटा दगड ठेवलाय बघा."

"खोल खणलंस?"

"कोपरापर्यंत. कुत्री उकरणार नाहीत."

"जमीन कडक आहे तिथली."

"होतीच. तळहाताला फोड आला माझ्या."

मामा दगडाजवळ उकिडवे बसले. पाव तास त्यांना पुरला नाही. बायकोनं हाक मारली नाही. ती स्वतःच पेटीपाशी गेली आणि काच लावून घेतली.

पुढचे दोन दिवस ते दोन वाजता न सांगता उठले.

एकविसाव्या दिवशी सकाळी पेटीतून टकटक आली. एका अंड्याला केसाएवढी चीर पडली होती. मामांनी हात पुढं केला.

"अं हं," बायको म्हणाली.

"जरा कवच सोलतो. दमलंय बिचारं."

"दमू दे. तेवढं त्याचं त्यालाच करावं लागतं."

मामांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. कामाला हात लावायचा नाही हे काम त्यांना कधी कुणी दिलं नव्हतं. आतलं पिल्लू ठोकायचं, थांबायचं. थांबलं की खोलीत सगळंच थांबायचं, खिडकीतली धूळसुद्धा. मग पुन्हा ठोकायचं. दुपार कलल्यावर कवचाचं टोपण निघालं आणि ओलं, कुरूप, धापा टाकणारं काहीतरी गवतावर पडलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाच पिल्लं आली. मामांनी आणखी दोन दिवस बल्ब चालू ठेवला. उरलेली सहा हलली नाहीत. ती त्यांनी स्वतः नेली आणि भिंतीकडे कोपरापर्यंत खणून ठेवली.

शिवणवाली पिल्लं बघायला आली. "पाच म्हणजे काय कमी झाली मामा? पेटीवर अजिबात निघत नाहीत कुणाकुणाची." पिल्लं बघून, कौतुक करून ती गेली.

मामा जमिनीवर बसून होते. पिल्लं सुकून पिवळीधमक झाली होती आणि ऊब शोधत त्यांच्या तळहाताखाली शिरत होती. त्यांनी बोटं जराशी वाकवून वारा खेळायला जागा ठेवली.

"तिनं अकराच्या अकरा काढली असती," ते म्हणाले.

बायको समजूत घालेल असं त्यांना वाटलं असावं. तिनं खिडकीतून अंगणाकडे बघितलं.

"काढली असती," ती म्हणाली आणि त्यांच्या शेजारी बसून दुसरा तळहात जमिनीवर उपडा ठेवला. थोड्या वेळानं दोन पिल्लं तिकडे गेली.