मांजरावानी पडलेले काका

आज सकाळी समुद्रपूरजवळच्या एका गावात अँब्युलन्स घेऊन गेलतो. कापसाच्या भरल्या ट्रॉलीवरून एक काका खाली पडले होते. रक्ताचा थेंब नाई, म्हणून लोक त्याईले मोटरसायकलवर बसवून राह्यले होते.

मी विचारलं, "काका, कसे पडले?"

"मांजरावानी, डॉक्टर! सिधा पायावर!" काका खुश.

मी ओरडलोच, "हलवू नका त्याईले!" उंचावरून पायावर पडलं, की दणका टाचेतून थेट मणक्यात जाते. फळीवर झोपवूनच नेलं.

दवाखान्यात तपासलं, तं मणक्याले चीर निघाली, पण पायाकडं जाणाऱ्या नसा शाबूत.

पडलेल्या माणसाले आपण "कुठं लागलं?" विचारतो. "कसा पडला?" काऊन नाई विचारत?

आताच काकूचा फोन आला, "डॉक्टर, आमचं मांजर पायाची बोटं हलवून राह्यलं. पण आता उड्या बंद!"