खर्डागाचे सुळे

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, कवळ्या बनवतात. दातांच्या डॉक्टरकडून लोकांच्या तोंडाची मापं येतात. हे त्यात प्लास्टर ओततात, मेणाच्या हिरड्यांवर दात बसवतात आणि मग लहानशा मोटरीवर ते घासत बसतात. लॅब म्हणायचं म्हणून म्हणायचं, एका दवाखान्याच्या मागची खोली आहे ती. खिडकीच्या कट्ट्यावर परक्या माणसांचे जबडे ओळीने वाळत पडलेले असतात. डॉक्टरने माप वेडंवाकडं घेतलं की कवळी तोंडात बसत नाही, आणि मग फोन येतो. "हो सर. बघतो सर. परत करून देतो सर." माप कुणी बिघडवलं ते दोन्हीकडे ठाऊक असतं. एकदा मी समोरच होते. वाटलं, फोन हिसकावून घ्यावा आणि त्या डॉक्टरचे दात त्याच्याच घशात घालावेत. भावोजी माझ्याकडे बघून नुसते हसले. असल्या हसण्याचा मला भारी राग येतो.

राग यायला आणखीही एक कारण होतं, आणि ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. ताई गोदीच्या फाटकावर कारकून होती. तिथं शिडीने उंच चढून क्रेन चालवायला बायका घ्यायचं ठरलं आणि पहिल्या तुकडीत तिची निवड झाली. आईचं शेजारीपाजारी सांगून झालं, माझी मैत्रिणींत फुशारकी मारून झाली. पहिल्याच दिवशी ताई गेली आणि दुपारी पुन्हा फाटकावरच्या आपल्या टेबलाशी येऊन बसली. रात्री जेवताना सगळ्यांनी विचारलं तेव्हा ताटात बघत म्हणाली, "यांना नको आहे." भावोजी समोरच बसले होते. त्यांनी मान हलवली. झालं, खापर फुटलं ते कायमचं.

तेव्हापासून मी त्यांना सोडलं नाही. मेव्हणीला टोमणे मारायचा परवानाच असतो, आणि मी तो पुरेपूर वापरला. ते बल्ब बदलायला स्टुलावर चढले की मी म्हणायचे, "जपून हं भावोजी, वर चढलेलं तुमच्याकडे चालत नाही." सगळे हसायचे. तेही हसायचे. ताई पाणी आणायला आत जायची. डॉक्टरपुढे ब्र न काढणारा माणूस बायकोला अडवतो कसा, हा साधा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नाही. स्वतःला मी चलाख समजते.

आता खेळाबद्दल सांगते. रविवारी दुपारी माझ्या घरी आम्ही चारपाच जणं जमतो. प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं, मी गोष्ट पुढे न्यायची, आपलं पात्र काय करतंय ते ज्याने त्याने बोलून सांगायचं, आणि ते जमलं की फसलं ते फासा ठरवणार. आमच्या कोपऱ्यावरचा चष्मेवाला येतो, दवाखान्यातली नर्स येते. दोघंही दिवसभर लोकांशी गोड बोलून थकलेली असतात, त्यामुळे त्यांना ऑर्क व्हायला आवडतं. ऑर्क म्हणजे हिरवट कातडीचे, सुळेवाले, भांडकुदळ लोक. आणि त्यांचा युद्धदेव खर्डाग. हा मी रचलेला देव, आणि मला त्याचा अभिमान होता. खर्डागाला एकच हात. दुसरा त्याने स्वतःच तोडला, कारण तो हात एकदा शरण जायला वर उठला होता. त्याला देऊळ नाही, नवस नाही. गुडघे टेकून समोर येईल त्याला तो तुडवतो. लढाईआधी प्रत्येक लढवय्याने ताठ मानेने त्याच्यासमोर उभं राहायचं आणि देवाने त्याची भीती चारचौघांत नाव घेऊन सांगायची. हाच त्याचा आशीर्वाद. ज्याची भीती सगळ्यांना कळली त्याला लपवायला काही उरत नाही, मग तो मोकळेपणी लढतो, अशी त्यामागची कल्पना. क्षमा हा शब्द खर्डागाच्या भाषेत नाही आणि एकदा बोललेलं तो मागे घेत नाही. रचताना हे सगळं मला फारच झकास वाटलं होतं.

पण खर्डागाचा आवाज माझ्याकडून निघेना. चष्मेवाला म्हणाला, मांजराच्या घशात काटा अडकल्यासारखं वाटतं. भावोजी तेव्हा नुकतेच आमच्यात आले होते, एक माणूस कमी पडला म्हणून मीच ओढून आणलेले. ते जखमांना पट्ट्या बांधणाऱ्या म्हाताऱ्या ऑर्कचं काम करायचे आणि प्रत्येक लढाईत सगळ्यांच्या मागे उभे राहायचे. एका रविवारी त्यांनी खिशातून रुमालाची पुडी काढली. आत दोन सुळे. कवळीच्याच सामानातून केलेले, मुळाशी गुलाबी हिरडी, टोकाला पिवळट झाक, एकाचा कोपरा मुद्दाम टवका उडवल्यासारखा. स्वतःच्या तोंडाचं माप घेऊन ते खालच्या दातांवर चपखल बसवलेले. "सहज केले," म्हणाले. मग पाठ वळवून तोंडात घातले, वळले, आणि बोलले.

नर्सच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. तो आवाज पोटातून येत होता. सुळ्यांमुळे ओठ मिटत नव्हते, मान पुढे आली होती, आणि डोळे तर मी त्या माणसाचे कधी पाहिलेच नव्हते. चष्मेवाल्याच्या पात्राला ते म्हणाले, "तू अंधाराला भितोस, आणि म्हणून आधी दुसऱ्याच्या घराला आग लावतोस." चष्मेवाला खूश झाला. त्या दिवसापासून खर्डाग भावोजींचा. सुळे काढले की पुन्हा तेच हसणं, "जास्त तर नाही ना बोललो?"

ताई कधी यायची नाही. "लहान मुलांचे खेळ," म्हणायची. पण दोघांत अलीकडे बोलणंच राहिलं नव्हतं, ते मला दिसत होतं. घरात दोन भाडेकरू असावेत तसं चाललं होतं. मीच तिच्या मागे लागले, एकदा ये, ते किती वेगळे होतात ते बघ. शेवटी ती आली. तिला मी तटावर शिडी लावून पहिली चढणारी लढवय्यी दिली. मुद्दामच दिली. चहा ओतताना म्हटलंही, "भावोजी, आज तरी ताईला वर चढू द्या बरं का!" सगळे हसले, ताईही हसली. भावोजी रुमाल उलगडत होते.

ताईची पाळी आली. ती उभी राहिली, जरा लाजत, जरा रंगात येऊन. खर्डागाने विचारलं, "कशाला भितेस?" ताईने आमच्याकडे बघून डोळे मिचकावले आणि म्हणाली, "मी कशालाच भीत नाही, देवा. मला फक्त कुणी चढू दिलं नाही."

मी मोठ्याने हसले. मग खर्डाग बोलायला लागला.

"तू अर्ध्या शिडीवरून परत आलीस," तो म्हणाला. "दोन्ही हातांनी गज धरून ठेवलास. खालून माणसं ओरडत होती, तू डोळे उघडत नव्हतीस. एकाने वर येऊन तुझी बोटं सोडवली. आणि घरी जाऊन तू काय सांगितलंस? नवऱ्याने जाऊ दिलं नाही. त्या नवऱ्याने तुला फाटकापर्यंत सोडलं होतं. तुझा डबा धरून तो दुपारपर्यंत उन्हात उभा होता, तू वरून हात करशील म्हणून."

चष्मेवाल्याने टाळी वाजवली. त्याला वाटलं, देवाला आज चांगलाच चेव आलाय. मग तो एकटाच टाळी वाजवतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने हात मांडीखाली घातले. ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने कप उचलला, मोरीत नेऊन ठेवला, माझ्या आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली.

चष्मेवाला आणि नर्स चपला हातात घेऊनच जिना उतरले असावेत, कारण पायांचा आवाजसुद्धा आला नाही. भावोजी सुळे मुठीत धरून दाराशी उभे राहिले. "अगं, ते खेळातलं होतं. अगं, ऐक ना. गोष्टीतलं होतं गं सगळं." त्यांची हनुवटी लाळेने ओली झाली होती, ती पुसायचंही भान नव्हतं. धरणीने पोटात घ्यावं असं मला वाटत होतं, आणि त्यांना काय वाटत असेल ते बघवत नव्हतं. अंधार पडायच्या आधी ते एकटेच घरी गेले.

ताई माझ्याकडेच राहिली. कामावर जायची, यायची, भिंतीकडे तोंड करून झोपायची. माझ्याशी कामापुरतं बोलायची. मग भावोजींचा फोन आला, लॅबवर येऊन जा म्हणून.

मी गेले तेव्हा ते कुणाच्या तरी वरच्या दातांना मेण लावत होते. वर न बघता म्हणाले, "तिला सांग, तुझा त्या बोलण्यावर विश्वास बसला नाही. सांग, भावोजींनी बनाव केला. मीच अडवलं होतं."

"भावोजी, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"तू आजवर मानत होतीस ना? मग आणखी थोडं मान."

"आणि खर्डाग खोटं बोलला म्हणू?"

"म्हण की. देव खोटाच आहे."

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. मी विचारलं, इतकी वर्षं का नाही बोललात? ते म्हणाले, त्या रात्री जेवताना ती ताटातून मान वर काढत नव्हती. तिच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं आणि मी मान हलवली. वाटलं, आजच्यापुरतं आहे, उद्या तीच सांगेल. मग तिला सांगता येईना, आणि ती सांगत नाही म्हणून मलाही काही विचारता येईना.

"पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाहीये," ते म्हणाले आणि हातातले दात खाली ठेवले. "बोलताना मला मजा आली. ती पांढरी पडत होती ते मला दिसत होतं. थांबता येत होतं मला. मी थांबलो नाही. तिचं एवढं एकच गुपित माझ्यापाशी होतं, आणि ते मी तुमच्या चहाबिस्किटांसमोर उधळलं, आणि मला बरं वाटलं. कसला माणूस मी?"

जिच्या जिभेला हाड नाही म्हणून घरात नाव आहे, ती मी टेबलावर सांडलेलं मेण नखाने खरवडत बसले.

घरी येऊन मी त्यांचा निरोप तसाच्या तसा ताईला सांगायला सुरुवात केली. म्हटलं, मला त्यातलं काहीच खरं वाटलं नाही, भावोजींनी आपलं रचलं. बोलता बोलताच माझा आवाज पडला. ताईने मला पुरतं बोलूही दिलं नाही.

"त्यांनी पाठवलंय तुला."

मी मान खाली घातली.

"अजून माझ्यावर पांघरूण घालतायत," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं. "तुला वाटतं, त्यांनी सांगितलं म्हणून मी तोंड लपवून बसलेय? नाही गं. शिडीवर भ्याले, त्याची लाज केव्हाच गेली, कुणीही भिईल. तू त्यांना टाकून बोलायचीस, आई बोलायची, आणि मी पाणी आणायला उठायचे. तहान नसायची कुणाला. मी मुद्दाम उठायचे, त्यांचं तोंड दिसू नये म्हणून. दरवेळी वाटायचं, आज बोलतील. नाही बोलले की हायसं वाटायचं. हायसं! आणि पुढे पुढे त्यांचाच राग यायला लागला, हा माणूस इतका गप्प कसा म्हणून. मला आता घरी जायचं तोंड राहिलं नाही."

मी तिला म्हटलं, चल. मी येते बरोबर.

आम्ही लॅबच्या दारात उभ्या राहिलो तेव्हा मोटर चालू होती. त्यांना आमची चाहूल लागली नाही. ताईने "अहो" म्हटलं तेही ऐकू गेलं नाही. मग तिने पुढे होऊन बटण बंद केलं. ते दचकून उठले. हात, भुवया, शर्टाची बाही, सगळं प्लास्टरने पांढरं. तिच्याकडे त्यांना बघवेना. टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाले, "मी चुकलो."

"नका म्हणू," ताई म्हणाली.

"नाही, मी फार मोठं..."

"अहो, नका ना म्हणू!" ती ओरडली, आणि मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "इतकी वर्षं माझं सगळं तुम्हीच अंगावर घेतलंत. एवढा एक शब्द तरी मला म्हणू द्या."

आणि तो शब्द ती म्हणाली. माझ्यासमोर, स्पष्ट. भावोजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. कान लाल झाले होते, खांदे आत ओढून ते भिंतीकडे सरकत गेले, पार कट्ट्याला टेकेपर्यंत. जन्मात एकदाच चारचौघांत खरं बोलला होता तो माणूस, आणि त्याची त्याला इतकी लाज वाटत होती की ताईला पुढे होऊन त्याच्या तोंडावरचे हात एकेक बोट सोडवून काढावे लागले.